बिंदूचा रंग परत मिळाला : 'मंथन'ची नवी प्रत, आणि स्मिता पाटील नीट बघायची तर

स्मिता पाटीलचं नाव निघालं की सगळे माना डोलावतात. चित्रपट लावला की मात्र नवा प्रेक्षक विसाव्या मिनिटाला फोन हातात घेतो. 'सगळं अंधारातच चाललंय', 'बोलणं कळत नाही', 'चेहराच दिसत नाही' या तक्रारी ठरलेल्या. त्या खोट्या नाहीत. फक्त त्यांचा पत्ता चुकतो. स्मिताचा अभिनय डोळ्यांत, गालाच्या कातडीवर आणि खालच्या पट्टीतल्या आवाजात आहे, आणि खराब प्रतीत सगळ्यात आधी याच तीन गोष्टी जातात. 'मंथन'ची रिस्टोअर केलेली प्रत पाहिली की हे लख्ख कळतं, म्हणून परीक्षण मुख्यतः तिचं. बाकीचे चित्रपट ओघाने येतील.

आधी ही प्रत कुठून आली ते. 1976 सालचा श्याम बेनेगलांचा 'मंथन' गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून उभा केला. त्याचं पुनरुज्जीवन फिल्म हेरिटेज फाउंडेशनने केलं, पैशाची बाजू अमूलवाल्या गुजरात सहकारी दूध विपणन महासंघाने सांभाळली. मूळ कॅमेरा निगेटिव्ह पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात होती. काम चेन्नईच्या प्रसाद कंपनीच्या स्टुडिओत आणि इटलीतल्या बोलोन्याच्या लिम्माजिने रित्रोवाता प्रयोगशाळेच्या मदतीने झालं. बेनेगल आणि छायालेखक गोविंद निहलानी, दोघांची देखरेख होती. मे 2024 मध्ये कान महोत्सवाच्या 'क्लासिक्स' विभागात ही प्रत दाखवली गेली, आणि 1 व 2 जूनला, म्हणजे जागतिक दूध दिनाचा मुहूर्त साधून, देशभरातल्या चित्रपटगृहांत लागली. निहलानींची देखरेख ही यातली सगळ्यात मोलाची गोष्ट. जुन्या चित्रपटाचा रंग 'काय असावा' हे तंत्रज्ञाने अंदाजाने ठरवलं की सगळं आजच्या जाहिरातीसारखं नारिंगी-निळं होतं. इथे ज्याने दिवे लावले त्यालाच विचारता आलं.

आता रंग. त्या काळच्या ईस्टमनकलर प्रिंटमध्ये तीन रंगांचे थर असतात. नुसत्या अंधाऱ्या डब्यात पडून राहिल्या तरी त्यातला निळसर-हिरवा थर सगळ्यात आधी उडतो. राहतो तो किरमिजी, म्हणून जुनी प्रिंट गुलाबी दिसते. अशा प्रिंटवरून व्हिडिओ काढताना गुलाबीपणा मारायला रंग कमी करतात, मग कॉन्ट्रास्ट चढवतात. गोऱ्या चेहऱ्याचं यात फारसं बिघडत नाही, तो थोडा फिकट होतो इतकंच. सावळ्या चेहऱ्याची मात्र माती होते. आधी तो तांबूस होतो, मग कॉन्ट्रास्ट चढल्यावर डोळ्यांखालचा, हनुवटीखालचा भाग सरळ काळ्यात जातो. हिंदी पडद्यावर सावळेपणा न लपवता उभी राहिलेली ही नायिका, आणि तिचा तोच रंग वर्षानुवर्षं व्हिडिओने खाल्ला.

नव्या प्रतीत बिंदू, म्हणजे 'मंथन'मधली स्मिता, दिसते. घराच्या अंधारात उभी असताना मागे दारातून सौराष्ट्राचं रणरणतं ऊन येतं, आणि तरी चेहरा शाबूत राहतो. जुन्या व्हिडिओत अशा ठिकाणी दार पांढरं फटक आणि बिंदू काळी आकृती असायची. तिचा नवरा परत आल्यावर, गावात सहकारी दूध संस्था उभारायला आलेल्या डॉक्टर रावांशी (गिरीश कार्नाड) बोलताना तिच्या नजरेत जो आखडतेपणा येतो, तो संवादात कुठेच नाही. संवाद ऐकून चित्रपट समजून घेणाऱ्याला तो भाग संथ वाटणारच. म्हैस मेल्यानंतर खासगी डेअरीवाल्या मिश्राच्या (अमरीश पुरी) कागदावर अंगठा उठतो तिथेही तेच: ती रडून वगैरे दाखवत नाही, डोळे कोरडे होत जातात. हा बारकावा आता दिसतो. कपड्यांचे, मातीचे, गुरांचे रंगही सुधारले आहेत, पण त्यासाठी कुणी प्रत बघू नये. बघावी ती या चेहऱ्यासाठी.

मूळ निगेटिव्हला बुरशी लागलेली होती, रंग उतरले होते, चित्र लुकलुकत होतं. हे बहुतेक निघालं आहे. ग्रेन मात्र ठेवला आहे, आणि ते बरोबर आहे. बऱ्याच जणांना पडद्यावर 'मुंग्या' दिसल्या की प्रत खराब वाटते. फिल्मवरचं चित्रच त्या दाण्यांचं बनलेलं असतं. सॉफ्टवेअरने दाणे पुसले की त्यांच्याबरोबर कातडीचा पोतही जातो आणि माणसं मेणाची दिसतात. इथे तसं झालेलं नाही. मध्येच काही शॉट आजूबाजूच्या शॉटपेक्षा जाडसर वाटतात, ते तसेच सोडले आहेत.

आवाजाला तेवढे गुण देता येत नाहीत. मूळ ध्वनीचं साहित्य न मिळाल्याने तो फाउंडेशनकडच्या 35 मिमी प्रदर्शन-प्रिंटवरून घ्यावा लागला. प्रिंटच्या कडेला असलेल्या त्या बारीक पट्टीत वरचे सूर फार मावत नाहीत. म्हणून खरखर काढल्यावरही 'स', 'श' थोडे बोथट आहेत आणि प्रीती सागरच्या आवाजातल्या त्या प्रसिद्ध गाण्याला आजच्या कानांना हवी तेवढी चमक नाही. आवाज मोनो आहे, म्हणजे मधल्या स्पीकरमधूनच येतो. चारही बाजूंनी काही ऐकू आलं नाही म्हणून थिएटरवाल्याशी भांडू नका. गुण द्यायचे तर चित्राला दहापैकी नऊ, आवाजाला साडेसहा.

तरीही स्मिताच्या आवाजापुरती ही प्रत जुन्या व्हिडिओपेक्षा कितीतरी सरस आहे, आणि त्याचं कारण कुणी सांगत नाही म्हणून इथे नीट सांगतो. फिल्म सेकंदाला 24 चौकटींनी चालते. आपल्याकडची जुनी टीव्ही आणि डीव्हीडी पद्धत 25 चौकटींची. व्हिडिओ करताना सोपा मार्ग म्हणजे फिल्म थोडी जोरात पळवायची. 134 मिनिटांचा 'मंथन' मग साधारण 128 मिनिटं 40 सेकंदांत संपतो. पाच मिनिटं वाचली तर बिघडलं काय, असं वाटेल. पण आवाजही चार टक्क्यांनी वर सरकतो, सरळ सांगायचं तर हार्मोनियमच्या शेजारच्या पट्टीपर्यंत जेमतेम पोचत नाही एवढा. लताबाईंच्या गाण्यात तो फरक कान पटकन पकडतो, कारण मूळ गाणं पाठ असतं. बोलण्यात पकडत नाही. तिथे नुसतं वाटत राहतं की बाई जरा घाईत, जरा किरट्या बोलताहेत. स्मिताचा आवाज मुळात खर्जाकडे झुकणारा, शब्दांमध्ये जागा सोडणारा. मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या सांगणारी मुलगी बेनेगलांच्या नजरेत भरली त्यात या आवाजाचाही वाटा असणार. चार टक्के वेगाने तोच आधी मरतो.

प्रत तपासायची पहिली पायरी त्यामुळे ही: लांबी बघा. 'भूमिका' 142 मिनिटांचा आहे. तुमच्यासमोरची फाइल 136 च्या आसपास दाखवत असेल तर ती पळवलेली असण्याची दाट शक्यता. 142 पेक्षा वीस-पंचवीस मिनिटं कमी असतील तर ती वेगाची गोष्ट नाही, कापाकापी आहे, आणि मग ती प्रत सोडाच. पळवलेलीच प्रत हाताशी असेल तर संगणकावरच्या व्हीएलसीसारख्या प्लेअरमध्ये वेग 0.96 करता येतो. मात्र सेटिंगमधली 'पिच' तशीच ठेवणारी खूण आधी काढा. ती चालू राहिली तर बोलणं मंदावतं पण पट्टी वरच राहते, म्हणजे मूळ दुखणं तिथेच.

दुसरी पायरी, चौकट. जुनी टीव्ही-प्रत 4:3 आकाराची असते आणि रुंद टीव्हीवर ती 'फुल स्क्रीन' केली की चेहरा एक तृतीयांशाने रुंद होतो. याहून वाईट म्हणजे वरून-खालून कापून रुंद केलेली प्रत. त्यात उंचीचा चौथा भाग उडतो आणि नेमके कपाळ व हात जातात. डाव्या-उजव्या बाजूला काळ्या पट्ट्या दिसल्या तर चिडू नका, त्या असणं चांगलं लक्षण आहे. पडद्यावर चॅनेलचा शिक्का, खाली चित्रातच छापलेली सबटायटल्स, गाण्याच्या वेळी आवाज एकदम वाढणं, ही सगळी कुणीतरी टीव्हीवरून टिपलेल्या प्रतीची चिन्हं.

आता बाकीची कारकीर्द, याच चष्म्यातून.

'भूमिका' (1977) हा तिचा पहिला राष्ट्रीय पुरस्कार. हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावर बेतलेला, आणि स्मिता तेव्हा बाविशीच्या आतबाहेर. किशोरवयापासून थकलेल्या प्रौढ बाईपर्यंतचा प्रवास ती मेकअपपेक्षा चालीने करते. खांदे कसे पडत जातात ते बघा. या चित्रपटात भूतकाळ कृष्णधवल आणि वेगवेगळ्या रंगछटांत येतो. निहलानींनी निरनिराळी फिल्म वापरून काळाचे पदर वेगळे केले. टीव्हीचा 'व्हिव्हिड' मोड चालू असेल तर सगळे पदर सारखेच भडक दिसतात आणि मग 'आता नक्की कुठला काळ चाललाय' हा प्रश्न पडतो. गोंधळ पटकथेत नाही, रिमोटमध्ये आहे.

त्याच वर्षीचा 'जैत रे जैत' मराठी प्रेक्षकाला वेगळा सांगायला नको. गाणी घरोघरी आहेत, चित्रपट मात्र कमी जणांनी सलग पाहिलाय. डॉ. जब्बार पटेलांनी गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरून केलेला, ठाकरांच्या वाडीतला. स्मिता चिंधी आणि मोहन आगाशे नाग्या. इथे आवाजाची प्रत चित्राइतकीच महत्त्वाची, कारण कथाच गाण्यांतून सरकते. सुटी गाणी स्वच्छ आवाजात पाठ झालेली असल्यामुळे चित्रपटातला त्याच गाण्यांचा फाटका आवाज जास्त बोचतो. एक व्यवहारी उपाय: टीव्हीच्या स्पीकरवर बास वाढवण्याऐवजी ट्रेबल दोन-तीन पायऱ्यांनी कमी करा. खरखर दबते, ना. धों. महानोरांचे शब्द राहतात.

'चक्र' (1981) हा दुसरा राष्ट्रीय पुरस्कार. जयवंत दळवींच्या कादंबरीवरून रवींद्र धर्मराज यांनी केलेला हा चित्रपट लोकार्नो महोत्सवात 'सुवर्ण बिबट्या' हा तिथला सर्वोच्च पुरस्कार घेऊन आला. आपल्याकडे त्याची जाहिरात झाली ती झोपडपट्टीतल्या नळावरच्या आंघोळीच्या दृश्यावर, आणि स्मिताला ते खटकलं होतं. आजही ते दृश्य तेवढंच कापून फिरतं. पूर्ण चित्रपटात ते एक नेहमीचं काम म्हणून येतं, अम्माच्या, म्हणजे स्मिताच्या व्यक्तिरेखेच्या, दिवसातलं. सुटं काढलं की त्याचा अर्थच बदलतो. प्रतीच्या दृष्टीने हा सगळ्यात अवघड चित्रपट: अर्धं अधिक झोपडीतलं, रात्रीचं. इंटरनेटवर कमी वेगात बघितलं तर अंधारात चौकोन चौकोन पडतात. मोबाइलवर 'डेटा सेव्हर' बंद करून, आधी डाउनलोड करूनच बघावा.

'उंबरठा' (1982) आणि त्याचीच हिंदी आवृत्ती 'सुबह' यांत काय निवडायचं, हा प्रश्न मराठी वाचकाला पडू नये, पण पडतो, कारण कधीकधी हिंदी प्रतच आधी सापडते. दोन्ही भाषांत तो वेगवेगळा केला गेला. मराठीच बघा. सुलभा महाजन सासूशी बोलते, नवऱ्याशी बोलते, संगमवाडीच्या सुधारगृहातल्या बायकांशी बोलते, आणि तिन्ही ठिकाणी तिची मराठी वेगळी लागते. विजय तेंडुलकरांनी लिहिलेल्या त्या वाक्यांतली अर्धवट सोडलेली शेवटं हिंदीत पूर्ण होऊन बसतात. शिवाय सुरेश भटांची गझल मराठीत आहे, एवढं कारणही पुरे.

1982 हे तिचं सगळ्यात विचित्र वर्ष. एकीकडे 'उंबरठा', सागर सरहदींचा 'बाजार', महेश भटांचा 'अर्थ'. दुसरीकडे अमिताभबरोबर 'नमक हलाल' आणि 'शक्ती'. यातली गंमत अशी की सहसा तिच्या धंदेवाईक चित्रपटांच्याच प्रती धड मिळतात, कारण त्यांच्या हक्कांना किंमत होती आणि निगेटिव्ह सांभाळली गेली. 'नमक हलाल'मधल्या ज्या पावसातल्या गाण्यावरून ती अस्वस्थ होती हे जगजाहीर आहे, ते गाणं लखलखीत बघायला मिळतं. 'शक्ती'त काम थोडं असूनही ती दिलीपकुमार-अमिताभच्या मध्ये हरवत नाही. 'नमक हलाल'मध्ये तिला करायला काही नव्हतं, आणि तिने ते लपवायचा फार प्रयत्नही केलेला नाही. 'अर्थ' बघताना सहानुभूती शबाना आझमीकडे जाईल अशीच रचना आहे. कविताच्या भूमिकेतली स्मिता दुसऱ्यांदा बघितल्यावर जास्त कळते.

'अर्धसत्य' (1983) हा ओम पुरींचा चित्रपट. ज्योत्स्ना गोखलेच्या भूमिकेत ती मुद्दाम मागे राहते. निहलानींनी इथे स्वतः दिग्दर्शन केलं आणि कॅमेराही सांभाळला, त्यामुळे वाईट प्रतीतही तिच्यावरचा उजेड बरा आहे. 'मंडी'तली झीनत छोटी पण जरूर बघावी.

केतन मेहतांचा 'मिर्च मसाला' तिच्या मृत्यूनंतर, 1987 मध्ये लागला. इथे संकट उलटं. चित्रपटभर लाल मिरचीचे ढीग आहेत आणि टीव्हीवर रंग वाढवलेला असेल तर तो लाल फुटतो, म्हणजे ढिगाचा पोत जाऊन सपाट लाल डाग उरतो. शेवटी सोनबाई हातात विळा घेऊन उभी राहते तिथे तिच्या चेहऱ्यावरही हाच लाल चढतो. उपाय सोपा: टीव्हीचा 'कलर' 50 च्या वर नेऊ नका, आणि पहिल्या पंधरा मिनिटांत मिरचीचे दाणे सुटे दिसतात का ते बघून मग पुढे जा.

कुमार शहानींचा 'तरंग' जवळजवळ तीन तासांचा आहे. पहिल्या आठवड्यात त्याच्या वाटेला जाऊ नये. मृणाल सेनच्या बंगाली 'अकालेर संधाने'त ती स्मिता नावाची अभिनेत्रीच झाली आहे. सत्यजित राय यांची 'सद्गती' दूरदर्शनसाठी केलेली, तासाभराच्या आतली. सुरुवात करायची असेल आणि वेळ कमी असेल तर हीच घ्या. 'वारिस' (1988) बघताना एक लक्षात असू द्या: त्यातला आवाज तिचा नाही. ती गेल्यावर रेखाने तो दिला.

क्रम विचारला तर 'मंथन', 'भूमिका', 'उंबरठा', 'मिर्च मसाला', आणि मग 'चक्र'. 'चक्र' चौथ्याच्या आधी नको, कारण तोवर तिचा अंधारातला चेहरा वाचायची सवय डोळ्यांना लागलेली असते.

टीव्हीच्या सेटिंगला पाच मिनिटं लागतात. पिक्चर मोड 'सिनेमा', 'मूव्ही' किंवा 'फिल्ममेकर'. रंगाचं तापमान 'वॉर्म'. पहिल्या दहा मिनिटांत पिवळट वाटेल, मग डोळा बसतो. 'शार्पनेस' शून्याजवळ. 'नॉइज रिडक्शन' बंद, नाहीतर प्रयोगशाळेने राखलेला ग्रेन तुमचा टीव्ही पुसेल. हालचाल गुळगुळीत करणारी सोय तर आधी बंद करा. एलजीत तिचं नाव ट्रूमोशन, सोनीत मोशनफ्लो. ती चालू असली की 'मंथन' डेली सोपसारखा दिसतो. साउंडबारचा 'सराउंड' बंद, आवाज स्टँडर्डवर. खोलीत पूर्ण काळोख करण्यापेक्षा टीव्हीच्या मागे एक मंद दिवा ठेवा, डोळे कमी थकतात.

'मंथन' पुन्हा एखाद्या फिल्म क्लबात किंवा महोत्सवात लागला तर तिकीट काढण्याआधी फोन करून विचारा की रिस्टोअर केलेली डीसीपी (थिएटरसाठीची डिजिटल प्रत) आहे का. 'हो, एचडी आहे' एवढंच उत्तर आलं तर बहुधा कुणाच्या तरी लॅपटॉपवरची जुनी फाइल लागणार. नवी प्रत असेल तर सुरुवातीलाच पुनरुज्जीवन कुणी केलं याच्या पाट्या येतात. खुर्ची मधल्या ओळींतली, पडद्याच्या उंचीच्या दीड ते दोन पट अंतरावरची घ्या. अगदी मागे बसलात तर बिंदूचे डोळे पुन्हा तेवढेच दिसतील जेवढे टीव्हीवर दिसत होते.